मा. 'कोरोना योद्धा' सन्मानपत्र यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. 'कोरोना योद्धा' सन्मानपत्र,
मुक्काम : मोबाइलची गॅलरी, पतसंस्थेची भिंत, क्वचित रद्दी.

स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख मे २०२० मधली. आमच्या प्रभागातल्या एका इच्छुक उमेदवाराच्या कार्यालयातून लिंक आली. नाव, फोटो, प्रभाग क्रमांक भरा. 'कार्य' असाही एक रकाना होता, पण तो सक्तीचा नव्हता. मी तो रिकामा सोडला, कारण त्या महिन्यातलं माझं मुख्य कार्य कॉफी फेटण्याचं होतं. अर्ध्या मिनिटात आपण अवतरलात. सोनेरी महिरप, वर सात नेत्यांचे हसरे चेहरे आणि खाली मी, त्यांतल्या सर्वांत धाकट्या नेत्याच्या निम्म्या आकाराचा. 'जिवाची पर्वा न करता केलेल्या आपल्या अतुलनीय कार्यास मानाचा मुजरा.' वाचून गहिवरलो. तोवर मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि तेही निव्वळ जिवाची पर्वा करून.

आपल्याला ना जिल्हाबंदीने अडवलं, ना ई-पासने. राजभवनापासून गल्लीतल्या मंडळापर्यंत आपला संचार होता. सत्कार समारंभाला पन्नास माणसांची मर्यादा असे आणि ती बहुतेक वेळा व्यासपीठावरच संपून जाई. एका हातात शाल, दुसऱ्यात आपण आणि फोटोपुरता मास्क हनुवटीवर. ३ मे २०२० रोजी तर सन्मान थेट आकाशातून आला. मुंबईत केईएम आणि जेजे रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून पाकळ्या पडल्या. त्या नंतर कोणी झाडल्या, याची नोंद निदान माझ्या पाहण्यात नाही.

सन्मानपत्र महोदय, आपली निंदा करायला हे पत्र नाही. आपल्या नातेवाइकांची चौकशी करावी म्हणून लिहितो आहे. तेही कागदच, पण भलते ताठ. नेमणुकीचा आदेश, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, विम्याच्या दाव्याची मंजुरी, मृत्यूचा दाखला. आपण मागितल्यावाचून घरी येता. हे मात्र हेलपाटे घालून चपला झिजल्या तरी दर्शन देत नाहीत. एकाच कुळात एवढा फरक कसा?

आशाताईंचंच घ्या. पहिल्या लाटेत मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांच्या याद्या त्यांनी केल्या. पंधरा सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा थर्मल गन, ऑक्सिमीटर आणि रजिस्टर घेऊन त्या दारोदार फिरल्या. कुटुंब ज्याचं त्याचं, जबाबदारी आशाताईंची. काही दारं उघडली, काही त्यांच्या तोंडावर लागली, कारण रोग त्याच घेऊन येतात अशीही गावात बोलवा असे. कोविडच्या या जादा कामाचे केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाचे साधारण ३३. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला, तेव्हा महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. (आपले थेट परदेशातले थोरले बंधूच म्हणायचे.) देशभर अभिनंदनाचा पाऊस पडला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये याच बायका मानधनवाढीच्या आदेशासाठी आझाद मैदानावर मुक्कामाला होत्या. मार्चमध्ये ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली, हे मान्य करायलाच हवं. पण सरकारदरबारी त्या अजून स्वयंसेविकाच. ना कायम नोकरी, ना निवृत्तिवेतन. जिनिव्हाला त्या दिसल्या. तालुक्याच्या आस्थापना यादीत मात्र त्यांचं नाव सापडत नाही.

बरं, त्या निदान हयात तरी आहेत आणि मैदानात बसू शकतात. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचा विषय निघाला, तेव्हा केंद्राकडे आकडा नव्हता. आरोग्य हा राज्यांचा विषय, असं कारण मिळालं. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून स्वतःच ३८२ मृत डॉक्टरांची यादी पुढे केली. डॉक्टरांची संघटना होती, म्हणून यादी झाली. वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, कंत्राटी सफाई कामगार, स्मशानात रात्रपाळी करणारा माणूस, यांच्या मागे कोणती संघटना उभी राहून मोजणार? विमा ५० लाखांचा होता हो, पण आधी माणूस कोणाचा तरी कर्मचारी ठरायला हवा. कंत्राटदार म्हणतो रुग्णालयाचा, रुग्णालय म्हणतं कंत्राटदाराचा. आपण मात्र अशा वेळी फार उदार असता. कोणाचाही माणूस असो, आपल्याला चालतो.

याच अधिवेशनात टाळेबंदीत वाटेवर मेलेल्या स्थलांतरित मजुरांचा आकडा विचारला गेला. तोही नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघाले होते. गावी जायच्या पासासाठी आठवडाभर आधी अर्ज केले होते, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. एक साधा पास, त्यावर सोनेरी महिरपही नको होती.

एसटीचं लांबवत नाही. ज्या चालक-वाहकांनी मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडलं आणि मुंबईत बेस्टच्या मदतीला गाड्या काढल्या, त्यांना त्याच वर्षी थकलेल्या पगारासाठी हाका माराव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी महिनोन् महिने संपावर बसावं लागलं. कोविड सेंटरमधल्या कंत्राटी परिचारिकांना तर सेंटर बंद झाल्यावर एक पत्र लगोलग मिळालं, कार्यमुक्तीचं. तेवढ्या एका बाबतीत आपल्या नातेवाइकांनी आपली चपळाई दाखवली.

आता विनंती. आपली मागची बाजू कोरी असते, छपाईवाला ती वाया घालवतो. तिथे पुढील मजकूर छापावा : 'सदर धारकाने महामारीत काम केल्याचे प्रमाणित करण्यात येते. हा कागद सेवेचा पुरावा म्हणून नेमणूक, भविष्य निर्वाह निधी व विमा दाव्यासाठी ग्राह्य धरावा. मानधन दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा करावे.' खाली वित्त विभागाची सही आणि जावक क्रमांक हवा. फोटो कोणाचाच नसला तरी चालेल.

कळावे,
आपला कृपाभिलाषी,
एक प्रमाणित योद्धा