कचऱ्याची वारी, मुक्काम जठारपेठ

अमरावतीहून अकोल्याला एसटीनं निघालं की खिडकीची जागा मिळेलच असं नाही, पण शेजारी समाजसुधारक हमखास मिळतो. बडनेरा मागं पडलं आणि शेजारच्या काकाजींनी खर्र्याची पन्नी सोडली.

"काय सांगू भाऊ, आपल्या लोकायले शिस्तच नाही. सरकार काय करन?"

लोणी आलं. इथून मान्यापर्यंतच्या रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एकेरी ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. काकाजींना हे सारं पाठ. "रेकॉर्डचा रस्ता हाय हा! पण लोकं पाहा, कशी घाण करते!" एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर मान काढली आणि विक्रमावर लाल मोहोर उमटवली.

मागच्या सीटवरच्या मावशी कडाडल्या, "मांगं माणसं बसले दिसत नाही का जी?" त्यांचा राग रास्तच होता. तो व्यक्त करता करता त्यांनी शेंगांची टरफलं पायानं आमच्या सीटखाली सारली. कंडक्टरनं दोघांनाही स्वच्छतेवर चार शब्द सुनावले आणि काडी मोडून दात कोरत ती दाराबाहेर भिरकावली.

मूर्तिजापूर आलं. याच तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी गाडगेबाबा वाढले. गावात शिरले की बाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची झाडाझडती घ्यायचे. आपण त्यांचा अर्धा वारसा इमानेइतबारे चालवतो. कीर्तन सुरूच आहे. खराटा तेवढा नगरपालिकेकडे दिला.

अकोल्याला ऑटोनं जठारपेठेत, नात्यातल्या मावशींकडे पोचलो. सकाळी त्यांच्या ओसरीत बसून या पेठेतलं खरं प्रवासवर्णन पाहिलं. ते कचऱ्याचं होतं. मावशींनी अंगण आरशासारखं लख्ख झाडलं, सडा घातला, ठिपक्यांची रांगोळी काढली आणि केराची ढिगली हलकेच शेजारच्या फाटकाकडं लोटली. थोड्या वेळानं शेजारीणबाई खराटा घेऊन आल्या. ढिगली कोपऱ्यावरच्या बंद घरापुढं सरकली. त्या घराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'येथे कचरा टाकू नये'. ढिगलीला वाचता येत नसावं. तेवढ्यात घंटागाडी गाणं वाजवत आली आणि गेली. दोन्ही घरांचे डबे रिकामेच होते, कारण अंगणं स्वच्छ होती. उरलेली ढिगली दुपारच्या वाऱ्यानं नालीत गेली.

"शेजारचे लोकं लय घाण करते बाप्पा," मावशी चहा देत म्हणाल्या. भिंतीपलीकडून शेजारीणबाईही कुणाला तरी हेच सांगत होत्या. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे दोन्ही घरांना एकाच भिंतीवरून जमत होतं.

नालीची पुढची वाट मोर्णेकडे. जलकुंभीनं नदी गुदमरली, तेव्हा १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांवर अकोलेकर ती उपसायला उतरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं. मी मावशींना विचारलं, "सहा हजार म्हणजे पुष्कळ झाले. पण बाकीचे अकोलेकर कुठं होते?"

"पुलावर उभे होते ना! वरून बोट दाखवत होते, 'थे पाहा, तिकडं राह्यलं!'"