वादळ लवकरच, वाद आत्ताच

शर्यतीतल्या शिडाच्या होडीवर बसलेल्या माणसाच्या कानाशी दोन आवाज असतात. एक रेडिओचा, तो कधी वाद घालत नाही. दुसरा शेजारच्या होडीवरून येतो. तो वादाशिवाय काहीच घालत नाही.

पहिल्या आवाजाचं माहेर ब्रिटन. तिथं बीबीसीच्या रेडिओ ४ वर रात्री १२ वाजून ४८ मिनिटांनी ‘शिपिंग फोरकास्ट’ लागतं. आधी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही संथ सुरावट, आणि मग निवेदक समुद्राच्या पट्ट्यांची नावं घ्यायला लागतो. वायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... एकूण ३१ पट्टे, क्रम कायमचा ठरलेला. प्रत्येक नावापुढे वाऱ्याची दिशा, जोर, पाऊसपाणी आणि नजर कुठवर पोचेल ते. क्रियापदांना जवळजवळ फाटा. कारण सगळा मजकूर ३५० शब्दांत बसवायचा असतो. रात्रीच्या प्रसारणात ट्रफाल्गरचा पट्टाही घ्यावा लागतो, म्हणून तेवढ्यापुरती ३० शब्दांची सवलत!

या निवेदनात एकही शब्द मोकळा सोडलेला नाही. वादळी वाऱ्याचा इशारा ‘इमिनंट’ असेल तर तो वारा सहा तासांच्या आत येणार. ‘सून’ म्हटलं तर सहा ते बारा तासांत. ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. टॉवेल खांद्यावर टाकून ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ असं फोनवर सांगणाऱ्या आपल्या समाजाला ही शिस्त जराशी अमानुष वाटेल. पण तिथं ‘गुड’ म्हणजेसुद्धा कौतुक नव्हे. पाच सागरी मैलांहून लांबचं दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘पुअर’ म्हणजे दोन मैलांच्या आत, आणि हजार मीटरच्याही आतलंच दिसत असेल तर ते धुकं. हवेचा दाब ‘सावकाश उतरतोय’ की ‘झपाट्याने उतरतोय’, हेही तीन तासांतल्या मोजमापावरून ठरतं, निवेदकाच्या मूडवरून नाही.

हा सगळा उद्योग सुरू केला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला जगभर फिरवून आणणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे हे कप्तान. १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा फिट्झरॉय यांनी ठरवलं, की वाऱ्याआधी तारेने निरोप पोचवायचा. १८६१ पासून बंदरांवर वादळाचे इशारे चढू लागले. यावर नाराज कोण झालं? मासेमारी जहाजांचे मालक. इशारा लागला की होड्या बंदरातच थांबायच्या आणि त्या दिवसाचा धंदा बुडायचा. १८६५ मध्ये फिट्झरॉय गेले, आणि पुढच्या वर्षी इशारे बंद करण्यात आले. मग खलाशी आणि कोळी लोकांनीच ओरड केली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. २००२ साली ‘फिनिस्टेअर’ पट्ट्याचं नाव बदलून ‘फिट्झरॉय’ केलं. सरकारी खात्याच्या मानाने फार उशीर झाला असं म्हणता येणार नाही.

गंमत अशी, की हे प्रसारण ऐकणाऱ्यांतले कित्येक जण अंघोळीच्या टबाहून खोल पाण्यात कधी गेलेले नसतात. गोधडीत शिरून, डॉगर बँकेवर नऊच्या जोराचा वारा सुटलाय हे ऐकत ते निवांत झोपी जातात. ही जमात मवाळ मात्र नाही. मध्यरात्रीचं प्रसारण काही मिनिटं पुढेमागे करण्याचा बेत एकदा बीबीसीने केला, तेव्हा एवढा गहजब झाला की तो गुंडाळावा लागला. ३० मे २०१४ च्या पहाटे काहीतरी घोळ होऊन हे निवेदन हवेत गेलंच नाही, तर त्याची बातमी झाली. लाँगवेव्हवर कसोटी सामन्याचं समालोचन रंगात आलेलं असतानाही ठरल्या वेळी ते तोडून समुद्राचं हवामान वाचण्याची प्रथा कित्येक वर्षं चालली. समोर फलंदाज नव्वदीत असो की गोलंदाज हॅटट्रिकवर. क्रिकेट थांबवण्याची हिंमत पावसाखेरीज याच एका कार्यक्रमाने दाखवली.

किनाऱ्याजवळच्या होड्यांसाठी आणखी एक सोय आहे. तटरक्षक दल दर तीन तासांनी व्हीएचएफ रेडिओवर सुरक्षेची माहिती देतं. आधी १६ नंबरच्या चॅनेलवर वर्दी, मग दुसऱ्या चॅनेलवर सविस्तर मजकूर. अमुक बोयाचा दिवा बंद आहे, तमुक ठिकाणी कंटेनर तरंगतोय. अशा सूचनांच्या आधी ‘सेक्युरिते’ हा शब्द तीनदा उच्चारतात. त्याहून गंभीर काही असेल तर ‘पॅन-पॅन’ तीनदा, आणि जिवावरच बेतलं तर ‘मेडे’, तोही तीनदा. पूर्वी तर २१८२ किलोहर्ट्‌झवर दर तासाला आणि दर अर्ध्या तासाला तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, असा जगभरचा नियम होता. कुणी क्षीण आवाजात मदत मागत असेल तर ऐकू यावी म्हणून. जहाजाच्या रेडिओखोलीतल्या घड्याळावर ती मिनिटं रंगवलेलीच असायची.

असं काही आपल्याकडेही आहे बरं का. जगातले समुद्र इशाऱ्यांच्या कामासाठी वाटून दिलेत. त्यातल्या आठव्या विभागाचं, म्हणजे हिंदी महासागराच्या मोठ्या भागाचं काम भारताकडे आहे. आणि ते पाहणारं राष्ट्रीय जलमापन कार्यालय आहे डेहराडूनला. हिमालयाच्या पायथ्याशी! भरतीचं पाणी आत शिरण्याची भीती तरी नाही.

आता दुसरा आवाज.

शिडाच्या शर्यतीत रेफ्री शिट्टी घेऊन मागे पळत नसतो, पळणार कुठे? एकमेकांवर खटले भरायचे ते स्पर्धकांनीच. ‘वर्ल्ड सेलिंग’ ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी नियमांचं नवं पुस्तक काढते. सध्याचं २०२५ ते २०२८ चं आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध नियम दहावा. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यायची. इतकं साधं. पण दोन्ही होड्या भरधाव समोरासमोर आल्या, की उजवीवाला ‘स्टारबोर्ड!’ असं जे काही ओरडतो, त्यात विनंतीचा लवलेश नसतो. दोघांचाही वारा एकाच अंगाचा असेल तर वाऱ्याकडची होडी बाजूला होणार, हा अकरावा. मागून येणाऱ्याने सांभाळून यायचं, हा बारावा. शर्यतीच्या बोयाभोवती होडीच्या तीन लांब्यांएवढं वर्तुळ कल्पायचं. त्या न दिसणाऱ्या वर्तुळात आधी कोण शिरलं, यावर आजवर किती मैत्र्या बुडाल्या असतील, ते त्या बोयालाच माहीत.

चूक झाली तर शिक्षाही सुंदर आहे. जागच्या जागी होडीच्या दोन गिरक्या घ्यायच्या. बोयाला नुसता स्पर्श झाला तर एकच. शाळेत उठाबशा काढल्या तशा सगळ्यांदेखत गिरक्या मारून माणूस मोकळा होतो. पण चूक कबूलच नसेल तर समोरचा ‘प्रोटेस्ट!’ म्हणून ओरडतो आणि मोठी होडी असेल तर लाल निशाण फडकवतो. संध्याकाळी क्लबच्या खोलीत सुनावणी. टेबलावर चिमुकल्या होड्या मांडलेल्या असतात, आणि दिवसभर लाटांशी झुंजलेली, मीठ लागलेली मोठाली माणसं त्या बोटांनी सरकवत ‘मी इथे होतो, हा तिथून आला’ हे पटवून देत बसतात. प्रत्येकाच्या नकाशात वारा वेगळ्या दिशेने वाहत असतो. साक्षीदार बहुधा वादी-प्रतिवादींचे आपलेच खलाशी.

बेचाळिसावा नियम तर अंगाच्या हालचालींवरच आहे. होडी वाऱ्याने आणि पाण्याने पुढे जायला हवी. शीड पंख्यासारखं हलवून, होडी डोलवून किंवा पुढे झटके देऊन वेग वाढवायचा नाही. असं कुणी अंग घुसळताना दिसलं की पंच पिवळं निशाण दाखवतात. होडीत सरळ बसणंही या खेळात परीक्षेचा विषय आहे.

या दोन आवाजांची गाठ पडते ती एकेचाळिसाव्या नियमात. शर्यतीत बाहेरची मदत घ्यायची नाही. किनाऱ्यावरून मेव्हण्याने ‘डावीकडे वारा चांगलाय, तिकडे जा’ असं फोनवर कळवलं तर तो गुन्हा. पण जी माहिती सर्वांना खुली आहे, ती घ्यायला हरकत नाही. म्हणजे शिपिंग फोरकास्ट चालतं. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटे, न थांबता जगाला वळसा घालत होते. त्यांची ‘सुहैली’ ही होडी आपल्या मुंबईत बांधलेली. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ त्यांना कळलं, की बाहेरून काहीही घ्यायचं नाही यात घरची पत्रंसुद्धा येतात! हवामान ऐका, पण आईची खुशाली वाचू नका. त्यांचा रेडिओही मुका पडलेला, आणि पुढे कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाहीत, हेच जगाला कळेना. एप्रिल १९६९ मध्ये ते परतले. शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच.

ऑगस्ट १९७९ मध्ये मात्र विनोदाला जागा उरली नाही. इंग्लंडच्या काउझहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून येण्याच्या शर्यतीत ३०३ होड्या उतरल्या होत्या. निघताना अंदाजात असल्या वादळाची चाहूल नव्हती. १३ तारखेला दुपारनंतर रेडिओवर इशारे सुरू झाले आणि रात्रीपर्यंत ते आठ, नऊ, दहा असे चढत गेले. पण कुणाचा रेडिओ त्या वेळी बंद होता, आणि बऱ्याच होड्यांवर ऐकायचा संच होता, बोलायचा नव्हता. १५ स्पर्धक गेले. ८५ होड्याच शर्यत पुरी करू शकल्या. त्यानंतरच्या चौकशीतून नियम कडक झाले आणि दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ सक्तीचा झाला.

पण एवढं होऊनही नियमांच्या पुस्तकात तिसरा नियम आहे तो आहेच. शर्यतीत उतरायचं का, आणि उतरल्यावर पुढे जायचं का, याची जबाबदारी ज्या त्या होडीची, दुसऱ्या कुणाची नाही. आयोजक तोफ उडवतील, वेधशाळा आकडे वाचेल. ‘जाऊ नका हो’ असं कुणीही म्हणणार नाही. तोफेचंही फारसं खरं नाही. ती उडालीच नाही तरी निशाणाची वेळ धरायची, असं नियमातच लिहिलंय.

मग या भांडकुदळ पुस्तकात चांगलं काय आहे? अगदी पहिला नियम. संकटातल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सगळी मदत केलीच पाहिजे. त्यासाठी इंजिन लावलं, वल्ही मारली, तरी बेचाळिसावा नियम डोळे मिटून घेतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बुसानच्या समुद्रात कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू फिन गटात दुसऱ्या स्थानावर होते. वारा पिसाटलेला. सिंगापूरचे दोन खलाशी उलटलेल्या होडीपासून पाण्यात पडलेले त्यांनी पाहिले आणि सरळ शर्यत सोडून त्यांना उचललं. लेम्यू मागे पडले ते वीस जणांच्याही मागे. पंचांनी त्यांना त्या शर्यतीत दुसरं स्थान परत दिलं. एकूण स्पर्धेत ते अकरावे आले आणि पिएर द कुबेर्तां पदक घेऊन घरी गेले.

याच नियमाने २०२१ मध्ये हिशेबाची अजब करामत केली. व्हाँदे ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत केविन एस्कोफिए यांची होडी दक्षिण अटलांटिकमध्ये दुमडली. शोधाला वळलेल्या तिघांना वेळेची भरपाई मिळाली. त्यात यानिक बेस्टावेन यांच्या वाट्याला आले १० तास १५ मिनिटं. शेवटची रेषा चार्ली दालँ यांनी आधी ओलांडली. बेस्टावेन तिसरे पोचले आणि शर्यत जिंकले, सुमारे अडीच तासांच्या फरकाने. दालँ यांनी लाल निशाण फडकवलं नाही, हेही नोंदवायला हवं.

नियमाच्या या चांगुलपणाचा आपल्याशी थेट संबंध २०१८ साली आला. गोल्डन ग्लोबच्या पन्नासाव्या वर्षी तीच शर्यत पुन्हा भरली तेव्हा नौदलाचे अभिलाष टॉमी ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. ही होडी ‘सुहैली’च्याच बेताने गोव्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी गेली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. पर्थ तिथून सुमारे १९०० सागरी मैल. आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी मोडली होती. तरी तात्पुरतं शीड उभारून ते टॉमींच्या दिशेने निघाले. शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच मासेमारी गस्तीच्या जहाजाने दोघांनाही उचललं. पुढच्या खेपेला, एप्रिल २०२३ मध्ये, टॉमी त्याच शर्यतीत दुसरे आले.

कुणाला यातला पहिला, न भांडणारा आवाज ऐकायचा असेल, तर रेडिओ ४ इंटरनेटवर आहे. ब्रिटनमधल्या हिवाळ्यात मध्यरात्रीचं ते निवेदन आपल्याकडे सकाळी ६ वाजून १८ मिनिटांनी लागतं, उन्हाळ्यात तासभर आधी. चहा गाळताना लावून ठेवा. फक्त ‘मग आज होडी काढू की नको?’ असं त्याला विचारू नका. ते तिसऱ्या नियमाप्रमाणे तुमचं तुम्ही बघायचं आहे.