थ्री बीएचके आणि बावीस ड्रम

पुण्यातला टू बीएचके विकून छत्रपती संभाजीनगरात थ्री बीएचके घेणारी जमात एव्हाना तुमच्याही सोसायटीत आली असेल. ओळखायला सोपी असते. पहिला महिनाभर लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला फुटाचा भाव ऐकवते. ‘आमच्या वाकडला एवढ्या पैशात पार्किंग आलं असतं, नुसतं पार्किंग!’ आमच्या मजल्यावरच्या अशा गृहस्थांना आम्ही वाकडकरच म्हणतो. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. समृद्धी पुण्याला जात नाही हे त्यांना ठाऊक होतं. पेढे फ्लॅटचा भाव वाढणार म्हणून होते.

वाकडकरांचा खरा जीव तिसऱ्या बेडरूममध्ये. दहा बाय दहा. पूर्वेला खिडकी. तिथे ‘होम ऑफिस’ करायचं, एका भिंतीला पुस्तकं, दुसरीला टेबल, कोपऱ्यात मनीप्लांट. टेबल आलंही. मग मार्च लागला आणि त्यांनी जिन्यात आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, ‘वहिनी, पाणी किती वाजता येतं?’

‘किती वाजता काय विचारता? वार विचारा. नळ कालच येऊन गेले, आता पुढच्या मंगळवारी. बुधवारही होईल.’

वाकडकर मनापासून हसले. वहिनी विनोदी आहेत असं त्यांना वाटलं.

आता जरा हिशेब मांडू, कारण वाकडकरांना हिशेबाची आवड आहे. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं, असा सरकारी मापदंड आहे. घरात माणसं चार, म्हणजे रोजचे 540 लिटर. नळ आठ दिवसांनी, म्हणजे 4320 लिटर. निळा ड्रम 200 लिटरचा, म्हणजे ड्रम झाले बावीस. एक ड्रम चार चौरस फूट जागा अडवतो, बावीस ड्रमांना 88 चौरस फूट. आणि खोली किती? शंभर. उरलेल्या बारा फुटांत वाकडकरांनी तांब्या घेऊन उभं राहायचं. फुटाचा भाव पाच हजार धरला, तर चार लाख चाळीस हजारांची जमीन ड्रमांनी खाल्ली. ड्रमांचे पैसे वेगळे.

सोसायटीची टाकी आहे की, असं म्हणणारे एप्रिलपर्यंत म्हणतात. मग बोअर आटतो, टँकरवाला फोन उचलत नाही आणि होम ऑफिसचं टेबल बाल्कनीत जातं. वाकडकरांचंही गेलं. आता कंपनीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या मागे निळ्या ड्रमांची रांग दिसते. बेंगळुरूच्या साहेबांनी काळजीने विचारलं म्हणे, केमिकलच्या गोदामात जोडधंदा सुरू केलाय का? मध्यंतरी मीटिंग ऐन रंगात असताना खालून आरोळी आली, ‘नळ आले होऽऽ!’ वाकडकर कॅमेऱ्यातून नाहीसे झाले, ते चाळीस मिनिटांनी गुडघ्यापर्यंत भिजून परतले. वास्तुवाले आले, त्यांनी पाणी ईशान्येला हवं म्हणून बावीसच्या बावीस ड्रम रिकामे करून सरकवायला सांगितले. मग एक सिव्हिल इंजिनिअर मेहुणा आला आणि दारातच थबकला. सव्वाचार टनांहून जास्त वजन! राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला 200 किलोचा भार धरतात, इथे साडेचारशेच्या वर. तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे काका झोपताना हेल्मेट घालतात, अशी वदंता आहे. मी पाहिलेलं नाही, पण त्यांच्याकडे स्कूटर नाही आणि हेल्मेट आहे.

तेव्हा माझी एक विधायक सूचना. 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरला कार्पेट एरिया छापायला लावला. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा येऊ द्या: ड्रमअप एरिया. ‘थ्री बीएचके, पैकी एक ड्रमांसाठी राखीव.’

बाहेरच्यांना इथे वसवण्याचा प्रयोग जुनाच आहे. 1327 साली दिल्लीची राजधानी दौलताबादेत आणली, काही वर्षांत मंडळी परतली. पण त्यांच्यासाठी निदान किल्ल्यात हत्ती हौद तरी होता. सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणत होती. ना वीज, ना टिल्लू मोटार. तशाच दुसऱ्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीत पीठ दळलं जायचं. आज आपण तिकीट काढून ती चक्की बघायला जातो आणि घरी येऊन ड्रम मोजतो.

आणि पैठणला जायकवाडी उभं आहे, 1976 पासून! शंभर टीएमसीचं धरण उशाला आणि घशाला कोरड. 2020 च्या डिसेंबरात 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. पैठणहून शहरापर्यंत चढ आहे, पाणी पंपाने ढकलावं लागतं. योजनेचा आकडा मात्र 2740 कोटींपर्यंत चढला, त्याला पंप लागला नाही. अडीच मीटर व्यासाचे पाइप टाकायचे, आतून माणूस ताठ मानेने चालत जाईल एवढे. माणसाची सोय झाली, पाण्याला वाट बघायला ठेवलं. आणि पाणीपट्टी? ती वर्षाची. तिला कधी आठ दिवसांचा गॅप पडल्याचं ऐकलंय कुणी?

पण वाकडकरांना तिसरी खोली आहे हो. वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या कामगाराने गुंठेवारीत अर्धा गुंठा घेतला, शंभराच्या बॉण्डवर, आणि वर पत्रे टाकून एकच खोली बांधली. त्याचे ड्रम गल्लीत असतात. प्रत्येकावर ऑइलपेंटने आडनाव, कड्यांतून साखळी ओवलेली, साखळीला कुलूप. घराला कडी लावून चालतं, ड्रमाला कुलूपच लागतं. रात्री टँकर आला की आई, मुलगी, आजी सगळे पाइप धरायला धावतात, आणि सकाळी मुलगी शाळेत पेंगते. त्याचा शिकलेला पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, वाकडलाच, चौघांत एक खोली.

वाकडकर, तुम्ही ज्याला स्वस्त म्हणता त्यातला फरक हे लोक वर्षानुवर्षं रात्री उठून भरत आलेत. तुमच्या किमतीत पाणी धरलेलंच नव्हतं, म्हणून ती तुम्हाला परवडली. आता तुम्ही आलात, भाव चढला, आणि त्या कामगाराचा भाऊ प्लॉट बघायला शहराबाहेर, पिसादेवीच्याही पुढे जाऊ लागला. तिथे नळ नाहीतच, त्यामुळे ते कोणत्या वारी येतात हे विचारायची भानगड नाही.