कर्जत-खालापुरातील शीतकालीन पोशाख : धारण आणि विमोचन

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हिवाळ्याचे आगमन डांबरगोळ्यांच्या वासावरून ओळखावे. डिसेंबरात कधीतरी पहाटेचा पारा पंधराच्या आसपास येतो आणि माळ्यावरची बॅग खाली उतरते. ही थंडी म्हणावी का, यावर मतभेद आहेत. हवामान खात्याच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावे लागते, तेव्हाच थंडीच्या लाटेचा विचार होतो. किनारी भागाला १५ अंशांची सवलत आहे, पण पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलेला हवा. रायगड जिल्हा किनारी. कर्जतला समुद्र नाही. हा तिढा सुटेपर्यंत कानटोपी घालून ठेवावी.

थंडी डोंगरावर असते, हाही समज तपासून घ्यावा. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने सुमारे ८०० मीटरवरचे माथेरान पायथ्यापेक्षा पाच अंशांनी गार हवे. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात साचते. कर्जत स्टेशनात कुडकुडून माथेरानात स्वेटर काढणारा मनुष्य त्यामुळे शास्त्रसंमत ठरतो.

धारणविधी सोपा आहे. ऊब कापडात नसते, कापडाने अडवलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड जाकिटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. अंगालगतचा सुती बनियन मात्र घाम पिऊन बसतो आणि ओल्या कापडाने अंगातली ऊब भराभर जाते. स्थानिक परंपरेत वर कानटोपी, मध्ये स्वेटर आणि खाली बर्मुडा अशी रचना आढळते. गुडघ्यांना थंडी लागत नाही, या गृहीतकावर ती उभी आहे. पावलांची व्यवस्था दवावर सोपवलेली असते. भातकापणीनंतर शेतातल्या ओलीवर आणि दवावर वाल पोसतो. शेताच्या बांधावरून चालणाऱ्याचे मोजेही त्याच दवावर पोसतात.

खरे कौशल्य विमोचनात आहे. आंबिवली गावातून कोथळीगडाकडे निघताना थोडी थंडी वाजत असेल, तर पोशाख बरोबर जमला असे समजावे. निघतानाच ऊबदार वाटत असेल, तर पहिल्या चढाला घाम ठरलेला. घाम येण्याआधी स्वेटर काढावा, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि घाम आल्यावरच आठवतो. पुढे त्याच्या बाह्यांची कमरेला गाठ बसते. सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या चढताना ती सुटते, वर कातळावर पुन्हा बसते. दुपारी पारा तिशी ओलांडतो. सकाळी स्वेटर माणसाला तासभर सांभाळतो. उरलेला दिवस माणूस स्वेटरला सांभाळतो.

रात्रीच्या पोपटीसाठी वेगळा पोशाख लागतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडे मीठ भरून तोंड पाल्याने घट्ट बंद करतात. मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा-पाचोळा पेटवतात. या अर्ध्या तासात भोवती बसलेल्याची छाती भाजते आणि पाठ गारठते. सबब स्वेटर उलटा, म्हणजे पाठीवर जाड बाजू येईल असा घालण्याचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. मात्र कृत्रिम धाग्याचे, चकचकीत जाकीट येथे वर्ज्य; एक ठिणगी पडली की त्याला वितळून भोक पडते. लोकरीची घोंगडी ठिणगी झटकून टाकते. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्रकन आवाज आला की पोपटी शिजली.

फेब्रुवारीत स्वेटर पुन्हा माळ्यावर जातो. पोपटीच्या धुराचा वास एका धुण्यात जात नाही.