मूळपुरुष

सरांचं वाक्य ‘मुळात’पासून सुरू होतं आणि रोमला जाऊन थांबतं. वाटेत नाताळ लागतो, ईस्टर लागतो, सर्व संतांचा सण लागतो. ‘यंदा केक कुठून आणला?’ एवढं साधं विचारलं तरी ते तुम्हाला तिसऱ्या शतकात नेऊन सोडतात.

सर वसईचे, निवृत्त शिक्षक. पिढ्यानपिढ्यांचे कॅथलिक. ते नास्तिक वगैरे असतील असं वाटलं असेल, तर तसं काही नाही. रविवारची मिस्सा पावसातही चुकत नाही, आणि गल्लीतला नाताळगोठा त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहतो. मेंढराचा पाय तुटला तर फेविक्विक घेऊन तेच फतकल मारून बसतात. फक्त पाय चिकटवता चिकटवता पोरांना सांगतात, “मुळात डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रात्रभर उघड्यावर कशाला बसतील?” मागे एका पोराने भाबडेपणाने विचारलं, “सर, मग मेंढरं काढून ठेवू?” सर एवढे ओरडले की पोराच्या हातचा पेंढा खाली पडला. “खबरदार! अरे, मेंढरांशिवाय गोठा असतो का?”

ऑरेलियन बादशहा त्यांच्या बोलण्यात असा येतो, जणू पापडीला राहणारा कुणी चुलता. “274 साली ऑरेलियनने रोममध्ये अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं. हिवाळ्यात दिवस पुन्हा मोठा व्हायला लागला, की सूर्याचा जन्म. चर्चने तीच तारीख उचलली!” मग सॅटर्नेलिया येतो. 17 डिसेंबरला सुरू होणारा तो रोमन उत्सव, त्यातली चंगळ, आणि मालकांनी गुलामांना पंगतीला बसवणं. हे शेवटचं नेमकं काकू पानं वाढत असताना निघतं. “मग आज तुम्ही वाढा,” काकू म्हणतात आणि डाव त्यांच्या हातात देतात. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये हो.” सरांचे डोळे चमकले. “मुळात ही म्हण...” काकू तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

सरांना तोडीस तोड म्हणजे त्यांचे मेहुणे. हे बँकेतून निवृत्त, त्यामुळे त्यांची श्रद्धा हिशोबावर. “भावोजी, सूर्य जरा बाजूला ठेवा. जुन्या लोकांची समजूत अशी, की ख्रिस्त ज्या तारखेला गर्भात आला, त्याच तारखेला क्रुसावर गेला. ती तारीख 25 मार्च. मिळवा नऊ महिने.” सर तोंड वाकडं करतात. मेहुणे बोटं मोजतात. “पूर्वेकडच्या काहींनी 6 एप्रिल धरली, त्यांचा नाताळ 6 जानेवारीला आला. आर्मेनियन लोक अजून त्याच दिवशी करतात. टॅली झालं की नाही?”

मग दोघेही एकाच पुस्तकाचा हवाला देतात, आणि खरी गंमत तिथे आहे. 354 सालचं एक रोमन संकलन आहे, कॅलेंडर आणि याद्यांचं. त्यातल्या कॅलेंडरात 25 डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस म्हणून रथांच्या तीस शर्यती लावल्या आहेत. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे, आणि ही यादी 336च्या सुमाराची मानतात. म्हणजे सूर्याच्या या वाढदिवसाचा सगळ्यात जुना लेखी पुरावाही तोच आणि नाताळचाही तोच. कुणी कुणाचं उचललं, ते पुस्तक सांगत नाही. मला विचाराल तर मेहुण्यांचा हिशोब थोडा अधिक पटतो. पण सरांसमोर मी हे बोलत नाही, कारण केकचा दुसरा तुकडा त्यांच्या हातून मिळायचा असतो.

सरांचं खरं रूप बघायला मिळालं ते त्यांच्या भाच्यामुळे. भाचा अलीकडे एका नव्या मंडळीत जायला लागलाय. ऐन नाताळच्या दुपारी येऊन मोठ्या आनंदाने म्हणाला, “मामा, तुमचंच बरोबर होतं. हा सण मूर्तिपूजकांचा. आम्ही यंदापासून सोडला. झाडसुद्धा नाही.”

सरांना शिष्य मिळाला, असं आम्हाला वाटलं. सरांचा चेहरा मात्र कुणी घर लिहून मागावं तसा झाला. “सोडला?”

“यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात आहे ना, मामा. रानातलं झाड तोडून सोन्यारुप्याने मढवतात...”

“अरे गाढवा, ती लाकडाची मूर्ती! तो संदेष्टा ख्रिस्ताच्या सहाशे वर्षं आधीचा. घरात झाड सजवल्याचं वर्णन सापडतं 1605 सालचं, स्ट्रासबुर्गचं. कागदी गुलाब नि सफरचंदं लटकवायचे. तुमचं हे सगळं हिस्लॉपकडून आलंय. स्कॉटलंडचा पाद्री, 1858चं पुस्तक. त्याला रोमला शिव्या घालायच्या होत्या, म्हणून ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार, असं ठोकून दिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तुमच्यासारख्यांनी 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. बावीस वर्षांनी मुकाट मागे घ्यावा लागला!”

आणि मग हुकमाचा एक्का. 601 साली थोरल्या ग्रेगरी पोपने इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला पत्र पाठवलं : तिथली देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, लोकांना सवयीच्या जागी येऊ द्या. “बघ, पोपनेच लिहून दिलंय!” जे पत्र सर महिनाभर चर्चविरुद्धचा पुरावा म्हणून नाचवत होते, तेच त्या दुपारी त्यांनी छाती फुगवून वकिलासारखं मांडलं. मेहुणेही चाट पडले. भाचा जाताना दोन करंज्या खाऊन गेला, हे काकूंनी नोंदवून ठेवलंय.

ईस्टरला सरांची गाडी घसरते ती नव्वदीच्या आत्यांपुढे. “725 साली बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने लिहिलंय...” सर सुरुवात करतात.

“बीडला इंग्रज कधी गेला?” आत्या विचारतात. त्यांची एक भाची लग्न होऊन मराठवाड्यात गेलेली आहे.

सर चिकाटीने सांगतात, की एऑस्त्रे नावाच्या देवतेवरून इंग्रजांच्या एका महिन्याला नाव पडलं. बीडने तिच्याबद्दल लिहिलंय ते जेमतेम ओळ-दोन ओळी. त्यात ससा नाही, अंडी नाहीत. तिच्याभोवती पुढची वीण घातली याकोब ग्रिमने, 1835 साली. एवढं प्रामाणिकपणे सांगूनही सर शेवटी म्हणतातच, “पण अंडं हे मुळात वसंताचं, सुफलतेचं चिन्ह.”

“कसलं चिन्ह?” आत्या म्हणतात. “पूर्वी उपासकाळात अंडी वर्ज्य असायची. कोंबड्यांना उपास होता का? त्या घालायच्या थांबल्या नाहीत. चाळीस दिवसांची अंडी साठल्यावर माणूस करणार काय? रंगवणार, वाटणार.”

यावर सरांना मुळात काही सुचत नाही. युरोपातले कितीतरी अभ्यासकही आत्यांच्याच बाजूचे आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे ते गोव्याकडे वळतात. 24 जूनला सांजावला, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणाला, पोरं विहिरीत उड्या मारतात, तो मुळात उत्तरायण संपण्याचा सण म्हणे. मेहुणे लगेच लूकचं शुभवर्तमान काढतात : योहान ख्रिस्ताहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणजे पुन्हा हिशोबच. काकूंचं म्हणणं, जूनमध्ये विहिरी भरायला लागतात, पोरं उड्या मारणार नाहीत तर काय करणार?

असा एखादा मूळपुरुष तुमच्याही घरात असेल. नाताळ नसेल तर होळीला किंवा गणपतीत उगवत असेल. त्याला जरूर बोलवा. आरास त्याच्याकडूनच करून घ्या, त्याच्याइतकी निगुतीने कुणी करणार नाही. ऑरेलियन निघाला की पानात करंजी वाढा. फक्त त्याच्या होला हो करू नका. विरोधाला कुणी नसलं की तो अर्ध्या जेवणावरून उठतो.