यादीतले अकरा जण

घर बदललं की माणूस आधी गॅसचा पत्ता बदलतो, मग बँकेचा, मग आधारचा. दूधवाला तर सामान चढायच्या आतच दारात उभा असतो. मतदार यादीची आठवण मात्र मतदानाच्या आदल्या रात्री होते, तीही पंखा लावून आडवं झाल्यावर.

यादीत शिरायची हौस दांडगी असते. अठरा पूर्ण झालेल्या भाचीने सहा नंबरचा फॉर्म मोबाईलवरून भरला आणि फोटो तीनदा काढला. यादीतून निघताना मात्र कोणी कोणाला सांगून जात नाही. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत यादीप्रमाणे अकरा माणसं राहतात. पैकी आमची दोनच, बायको आणि मुलगा. ज्यांच्याकडून फ्लॅट घेतला ते चौघं, त्यांच्या आधीचे भाडेकरू चौघं, आणि एक शहाण्णव वर्षांच्या आजी. या आजी कोणाच्या, ते सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगता येत नाही. फ्लॅटचे हप्ते मी भरतो, पण माझं नाव यात नाही. ते मालवण तालुक्यात, वडिलोपार्जित घराच्या पत्त्यावर आहे. त्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असतं.

पडताळणीला बीएलओ बाई आल्या. या एरवी अंगणवाडी चालवतात, म्हणजे एका जागी न बसणाऱ्यांची हजेरी घ्यायचा त्यांना सराव आहे. त्यांनी यादीवर पेन टेकवलं.

"या आजी?"

"आम्ही आलो तेव्हाच नव्हत्या."

"नव्हत्या म्हणजे गेल्या, की दुसरीकडे गेल्या?"

यावर आम्ही दोघंही गप्प. बाई म्हणाल्या, सात नंबरचा फॉर्म भरा. कारण लिहायचं, मयत किंवा स्थलांतरित. बायको दचकलीच. "आपण कोण त्यांना मारणारे? उद्या दारात येऊन उभ्या राहिल्या तर?" शेवटी बाईंनी आजींच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं. भाडेकरूंचा विषय निघेपर्यंत चहा झाला.

मग माझी पाळी. "तुमचं नाव इकडे का नाही घेतलं? आठ नंबर भरा की." एके काळी मतदारसंघ ओलांडला की नव्या मतदारासारखा सहा नंबर भरावा लागे. ऑगस्ट २०२२पासून पत्ता कुठूनही कुठेही हलवायचा असो, फॉर्म आठच. कार्डाचा नंबर तोच राहतो, जुन्या जागेचं नाव निघतं, नव्या जागी लागतं.

आमची अडचण त्या 'निघतं'मध्ये होती. गावी काकांचा फोनवरचा आवाज एरवी लागत नाही, पण त्या दिवशी स्वच्छ लागला. "नाव काढू नको हां! पुढच्या पंचायतीक तुझा मत व्हया माका." ग्रामपंचायतीची यादीसुद्धा विधानसभेच्याच यादीतून फोडून करतात, तेव्हा काकांचं गणित पक्कं. आमच्या वाडीत सदस्य दोन मतांनी पडतो. मतदानाला चाकरमान्यांसाठी गाडी लागते, वाटेत वडापाव मिळतो, आणि गाडीतली निम्मी माणसं एकमेकांना पुढच्या चतुर्थीपर्यंत दिसत नाहीत.

दोन्हीकडे नाव ठेवावं, असा सल्ला गाडीतल्याच एका अनुभवी माणसाने दिला होता. कायदा तेवढा मोकळ्या मनाचा नाही. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, आणि तिथेही एकदाच. फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर वर्षभर तुरुंग होऊ शकतो. राज्यात २०२५च्या अखेरीस स्थानिक निवडणुका लागल्या तेव्हा दुबार वाटणाऱ्या नावांपुढे आयोगाने दोन तारे लावायचं ठरवलं. आमच्या घराण्यात आजवर तारा कोणाला मिळाला नव्हता. दोन एकदम म्हणजे फारच झालं.

त्याच कायद्याचं विसावं कलम मी एका बैठकीत वाचून काढलं. इतकं रसाळ वाङ्मय सरकारी कागदात क्वचित सापडतं. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. (इथे फणसाच्या झाडासकट आमचं कुलूपबंद घर निकालात निघालं.) तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेला माणूस तेवढ्यावरून तिथला रहिवासी होत नाही. आणि आमदार-खासदार कामानिमित्त मतदारसंघाबाहेर असले, तरी ते तिथलेच रहिवासी. या शेवटच्या तरतुदीचा लाभ आमचे प्रतिनिधी किती मनापासून घेतात, हे गावाला वेगळं सांगायला नको.

मी हे सगळं काकांना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "मग तू आमदार हो."

फॉर्म आठ बायकोनेच भरला. जेवणाच्या टेबलावर माझा अंगठा न विचारता फोनवर टेकवून तो उघडला आणि ओटीपी मोठ्याने वाचला. काही दिवसांनी बाई पुन्हा चौकशीला आल्या. मी नेहमीप्रमाणे सात वीसच्या लोकलमध्ये दारात लटकलेलो. घरी बायको होती.

"हे कायम इथेच राहतात ना?"

"सकाळी सातला जातात, रात्री नऊला येतात. जेवतात आणि झोपतात."

"रविवारी?"

"झोपतात."

बाईंनी मान डोलावली. "मग रहिवासीच," म्हणाल्या, आणि शेरा लिहून वरच्या मजल्यावर गेल्या.