गायरान हिरवे दाखवण्याची सोपी पद्धत
(नवशिक्या निरीक्षकांसाठी)

माण किंवा पारनेरकडच्या एखाद्या गायरानावर समतल चर खोदून झाले, स्टायलोचे बी फेकले, चराईबंदी लागू झाली, की गवत आणि झुडपे परत येतात का हे कुणीतरी मोजावे लागते. हा मान आपल्याकडे आला असल्यास घाबरू नये. पुढील पायऱ्या पाळल्यास गायरान नापास होत नाही.

१. महिना : पहिली नोंद मेमध्ये, दुसरी सप्टेंबरात घ्यावी. मेमध्ये माळ करपलेला असतो, सप्टेंबरात गुडघाभर गवत. दरवर्षी एकाच हंगामात, गवत फुलोऱ्यावर असताना मोजा म्हणजे जाती ओळखता येतील, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांना चहा पाजावा.

२. चौकट : गवतासाठी १ मीटर बाजूची चौकट घ्यावी. दोरी ताणून ठरावीक अंतरावर ती टाकत गेल्यास खडक, मुरूम, उघडी जमीन असे काहीही आत येते. त्यापेक्षा चराच्या कडेला, ओल धरून असलेली जागा पाहून टाकावी. झुडपांना ५ मीटरची चौकट लागते आणि काटेही लागतात. ती रस्त्यावरूनच मोजावीत.

३. जाती : हिरवे ते गवत. दख्खनच्या माळावर पवना आणि मारवेल परतले तर चारा परतला, नुसती कुसळी माजली तर जमीन अजून थकलेली, आणि गाजर गवताला गुरे तोंड लावत नाहीत. या भानगडीत न पडता ‘वनस्पती आच्छादन’ असा एकच रकाना आखावा. वेडी बाभूळ दिसल्यास ‘झुडपांचे नैसर्गिक पुनरुज्जीवन’ लिहावे. तिच्या शेंगा गुरे खातात, बी शेणातून पसरते, त्यामुळे दरवर्षी वाढ हमखास. चराईबंदीत शेण आले कुठून, हे विचारू नये.

४. वजन : चौकटीतले गवत कापून, वाळवून तोलायचे असते. १०० ग्रॅम भरले तर हेक्टरी १ टन. वाळवणे तेवढे विसरावे. ओले तोलल्यास उत्पादन उभ्या उभ्या दुपटीच्या वर जाते.

५. शेजारचा माळ : बंदी नसलेल्या माळावर चुकूनही चौकट टाकू नये. पाऊस चांगला झाला असेल तर तोही हिरवा निघतो, मग श्रेय बंदीचे की पावसाचे, असा वाद उभा राहतो.

६. फोटो : खुणेच्या दगडावरून दरवर्षी त्याच दिशेने काढलेल्या फोटोत सगळेच दिसते. म्हणून उकिडवे बसून, गवताच्या पातीआडून काढावा. पाहुणे मागे उभे करावेत.

७. दक्षता : अहवाल मंजूर होईपर्यंत गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला तिकडे फिरकू देऊ नये. तो चौकटीशिवाय, चालता चालता एकेका गवताचे नाव घेतो. आणि कुठे काहीच उगवलेले नाही, तेही सांगतो. सगळ्यांसमोर.